काळ्या मातीचं बूच

१

दगूबाईंच्या उशाशी ठेवलेला तांब्याचा तांब्या सकाळी काळा पडलेला दिसला, आणि दगूबाई थंडगार पडलेल्या. खाटेवर झोपलेली त्यांची आठ वर्षांची नात रूपाली ओकून ओकून अर्धमेली झाली होती.

शहाद्याच्या बाहेर, जिथं सहा वर्षांपूर्वी केळीचा मळा होता, तिथं आता श्रीरंग कॉलनी आहे. मळा गेला, प्लॉट पडले, चार-चार घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. माणसं नवी आली, पण उंदीर आधीपासून तिथलेच. त्यांना कोणी जागा खाली करायला सांगितलं नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात ते फरशीखाली धावू लागले, आणि गेल्या महिन्यात एकानं दगूबाईंच्या पायाचा अंगठा कुरतडला.

तेव्हा दगूबाईंचा मुलगा ललित यानं कॉलनीतल्याच गिरधर आप्पांच्या सांगण्यावरून याकूबला बोलावलं. याकूब नवापूरकडचा. घरोघरी उंदरांचा बंदोबस्त करणं हा त्याचा धंदा. तो एकादशीच्या सकाळी आला, पिंजरे लावले, ओट्याखाली चिकट पुठ्ठे ठेवले, कुंपणाशी औषधाच्या कुलूपबंद पेट्या ठेवल्या आणि गेला. त्याच रात्री दगूबाई गेल्या.

"विषबाधा दिसते. नक्की काय ते तपासणीत कळेल, पण अहवालाला महिने लागतात," डॉक्टर म्हणाले.

लोकांना तेवढं थांबायचं नव्हतं. घरात उंदराचं औषध, औषध आणणारा याकूब, आणि म्हातारी मेलेली. दुपारपर्यंत त्याला पोलिसांनी उचललं. संध्याकाळी कॉलनीतल्या चार जणांनी त्याच्या पेट्या गटारात फेकल्या.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको प्रिस्किला गिरधर आप्पांच्या दारात येऊन उभी राहिली.

"आप्पा, तुम्हीच त्यांना या कॉलनीत आणलं," ती म्हणाली. रडत नव्हती. रडून झालं असावं. "परवा पुन्हा कोर्टात उभं करणार आहेत. ते म्हणतात, माझ्या औषधानं हे झालंच नाही. कोणी ऐकत नाही. तुम्ही तरी एकदा ऐकून या."

गिरधर आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. कृषी सहाय्यक म्हणून तीस वर्षं गावोगाव फिरले, शेतकऱ्यांना कीड, उंदीर, बियाणं समजावत राहिले. आता कॉलनीतली पोरं जमवून त्यांना पानामागची अंडी दाखवायचे. त्यांचं एकच सांगणं असे, आधी बघा, मग बोला.

या खेपेला आपण बघितलंही नव्हतं आणि बोललोही नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चपला घातल्या.

२

कोठडीतल्या याकूबचा ओठ सुजलेला होता.

"पडलो," तो म्हणाला. आप्पांनी पुढं विचारलं नाही.

"औषध कुठं कुठं ठेवलं होतंस?"

"कुंपणाशी पेट्यांत. घरात एक दाणाही नाही, आप्पा. लहान पोर आहे त्या घरात. मी आधी घर बुजवतो, मग औषध ठेवतो. म्हातारीच्या खोलीत न्हाणीच्या पाइपाशेजारी भोक आहे, मूठ जाईल एवढं. ललितभाऊंना म्हटलं, काच आणि सिमेंट घालून आजच बुजवा. ते म्हणाले, रविवारी गवंडी येणार आहे."

"आणखी काय पाहिलंस?"

"पोलिसांनी मला त्या खोलीत नेलं होतं, कबूल कर म्हणून. तेव्हा भोकापाशी बघितलं. एक पाल मेली होती. झुरळं होती. आणि मुंग्या, आप्पा, पसाभर मेलेल्या मुंग्या. माझं औषध उंदीर खातो आणि चार दिवसांनी मरतो. मुंग्या त्यानं कशा मरतील? हवालदारांना तेच म्हणालो. त्यावर," त्यानं ओठाला हात लावला, "त्यावर मी पडलो."

हवालदार नवनीत बाहेर टेबलापाशी बसला होता. म्हसावद गावचा पोरगा, आप्पांनी लहानपणापासून पाहिलेला.

"आप्पा, तुम्ही कशाला यात पडता? सरळ केस आहे. तांब्यातल्या पाण्यात औषध गेलं. तांब्या काळा पडलाय, बघा ना."

"कुठाय तो?"

मुद्देमालाच्या पिशवीतून तांब्या निघाला. आप्पांनी तो खिडकीपाशी नेला. बाहेरून तळापासून गळ्यापर्यंत काजळी चढल्यासारखा काळा. मग त्यांनी आत डोकावलं.

आतून तांब्या लखलखीत होता.

"नवनीत," ते सावकाश म्हणाले, "विष पाण्यात होतं, तर तांब्या आतून काळा पडायला हवा होता की बाहेरून?"

३

चौथ्या दिवशी सकाळी रूपालीला दवाखान्यातून घरी आणलं. आप्पा दुपारी गेले.

ओळीतलं दुसरं घर ललितचं आणि तिसरं शोभाबाईचं. पहिलं आणि चौथं अजून विकलं गेलेलं नव्हतं, त्यांना कुलूप होतं. ललितची बायको ममता दारात बसली होती. तिचे डोळे खोल गेले होते.

"तुम्हीपण विचारायलाच आलात ना, आप्पा?" ती म्हणाली. "विचारा. सासूशी भांडत होते का? होय, भांडत होते. त्या टीव्हीचा आवाज मोठा करायच्या, मी बारीक करायचे. आता बायका मला ऐकू जाईल असं बोलतात. कोणी म्हणतं याकूबनं घातलं, कोणी म्हणतं सुनेनं घालून याकूबवर ढकललं."

"मी एवढंच विचारायला आलो, की त्या रात्री कोणी काय खाल्लं."

"आत्याबाईंनी काहीच नाही. एकादशी ना. दोन केळी खाल्ली, ती त्यांनीच सोलली. आम्ही तिघांनी साधं वरण आणि भात, एकादशीला घरात कांदा-लसूण नसतो."

"आणि पाणी?"

"त्या तांब्यातलं त्याच प्यायच्या. रोज चिंचेनं घासायच्या, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हत्या. रूपालीची शाळेची बाटली वेगळी."

म्हणजे आजीनं खाल्लं ते नातीनं खाल्लं नव्हतं, आणि नातीनं खाल्लं-प्यायलं त्याला आजीचं बोट लागलं नव्हतं. तरी दोघींना बाधली तीच गोष्ट. ललित आणि ममता वरच्या मजल्यावर झोपले, त्यांना काहीच झालं नाही.

"देव्हारा कुठं आहे?"

"वर. का?"

"तिथं तांब्याचं काही आहे?"

"पंचपात्री आहे की. चांगली लख्ख आहे."

खालच्या खोलीत, जिथं दगूबाई गेल्या तिथं, तेलाचा दिवा जळत होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही आणि दिव्यापाशी कोणीतरी असायला हवं, म्हणून रूपालीला तिथंच खाटेवर निजवलं होतं. चादरीत ती एवढीशी दिसत होती.

आप्पा तिच्या पायाशी बसले. लहान पोराला विचारायचं असेल तर आधी त्याच्यासोबत गप्प बसता आलं पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं.

"आजी कुठं झोपायची गं?"

"खाली. चटईवर. खाटेवर तिला पडायची भीती वाटायची." रूपालीनं न्हाणीच्या दाराकडं बोट दाखवलं. "डोकं तिकडं करून. तिकडून गार वारा येतो म्हणायची."

"त्या रात्री काही बोलली?"

"म्हणाली, शेजारी आज एकादशीला लसूण कोण कुटतंय? मी म्हटलं, मला पण वास येतो. मग मला मळमळलं." ती थांबली. "आप्पा, मी हाक मारली नाही. मला वाटलं ती झोपली."

"तू ओकत होतीस बाळा. हाक कशी मारशील?"

पोरीनं मान भिंतीकडं वळवली. आप्पांनी तिच्या पायावर चादर ओढली. उठता उठता त्यांच्याही नाकाला लसणाचा पुसट वास लागला. स्वयंपाकघरातून येत असेल, असं त्यांना वाटलं.

"झोपू दे तिला," दारात ममता हळूच म्हणाली. "रात्रभर जागी होती. दार लोटून घेते."

४

शोभाबाईनं आप्पांना पाहताच पदर डोळ्यांना लावला.

साठीची बाई, म्हसावदची. नवरा वारल्यावर शेत वाटेकऱ्याला दिलं आणि मुलानं घेतलेल्या या घरात एकटी राहायला आली. मुलगा सुरतला. दगूबाई आणि ती रोज संध्याकाळी एकाच पायरीवर बसून शेंगा सोलत. कॉलनीत याकूबविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता.

"त्यानाच हात शे यामा, आप्पा! त्याले सोडू नका. मन्ही दगू गयी." मग आवाज उतरला. "चहा ल्या. ममताकडे तुमले काय भेटणार? सुतक शे. चार दिवसपासून तिच्या घरमा फोडणी नही. मीच भाकर अन् आळणी वरण दी ऱ्हायनू."

आप्पांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

सुतकाच्या घरात फोडणी नाही. मग लसणाचा वास कुठून आला?

"तू आज लसूण कुटलास का, शोभाबाई? आणि एकादशीला?"

"आळणी रांधनं म्हनीसन तं सांगं ना मी. लसूण कसाले? एकादशीले तं मना बी उपास."

एकादशीला या ओळीत कोणाकडं लसूण नव्हता. आजही नाही. आणि दोन्ही वेळा वास आला, तोही एकाच खोलीत.

कप तसाच खाली ठेवून आप्पा ओळीच्या मागच्या बाजूला गेले.

तिथं जोत्याच्या कडेनं पिवळट मुरूम पसरलेला होता. बिल्डरानं मळ्याची माती उपसून जोत्यात हाच मुरूम भरला होता, आणि विटांचे तुकडे. नीट ठोकला नव्हता, म्हणून पावसात खचला. फरशा वर राहिल्या आणि खाली पोकळी झाली. चार घरं वरून वेगळी दिसत. खाली मात्र एकच पाया आणि एकच पोकळी.

शोभाबाईच्या न्हाणीमागं त्या पिवळ्या मुरुमात दोन काळे डाग होते.

आप्पा गुडघ्यावर बसले. ती काळी माती होती, शेतातली, चिकट, थापून थापून बिळाच्या तोंडावर बसवलेली. मुरूम बिळावर धरत नाही, हे ज्याला कळतं त्यानंच ती पिशवीतून इथवर आणली असणार. आणि प्रत्येक बुचात एक-एक काडी खोचलेली. पऱ्हाटीची काडी, कपाशीच्या वाळल्या झाडाची. या कॉलनीत कपाशीचं एक झाड नव्हतं.

ती काडी त्यांच्या ओळखीची होती.

एक बूच वाळून तडकलेलं होतं. चार-पाच दिवसांचं असावं. त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

बोट आत गेलं. माती ओली होती. आजची होती.

५

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस धावतो तेव्हा ते धावणं दिसत नाही, पण आप्पा धावले.

"ममता! पोरीला बाहेर काढ! दार उघड!"

"झोपलीय हो ती, आप्पा..."

त्यांनी दार ढकललं. खोलीत लसणाचा वास आता दाट झाला होता. दिवा जळत होता. रूपाली डोळे अर्धवट उघडून पडली होती, ओठाच्या कडेला फेस. आप्पांनी धोतराचा सोगा नाकाशी धरला, पोरीला चादरीसकट उचललं आणि अंगणापलीकडं रस्त्यावर आणून ठेवलं. ते तिथंच बसले.

"कोणी आत जाऊ नका! शोभाबाई, तूपण बाहेर ये, आत्ता! नवनीतला फोन करा, आणि गाडी आणा!"

रूपालीनं एकदा, दोनदा उलटी केली. मग ती रडायला लागली. तिच्या रडण्याचा आवाज ऐकून ममता रस्त्यावरच मटकन बसली.

६

पोर दवाखान्यात गेली, वाचली. नवनीत आला तेव्हा आप्पा समोरच्या घराच्या पायरीवर बसले होते. बाहेरून धावत आलेला ललित उभा होता. पायरीच्या दुसऱ्या टोकाला शोभाबाई.

"धान्याच्या कोठीत किडीसाठी गोळी ठेवतात, ती तुला माहीत आहे," आप्पा नवनीतला म्हणाले. वर्गात फळ्यापाशी बोलावं तसं, एकेक पायरी चढत. "ओल लागली की तिच्यातून वायू सुटतो. त्याला लसणासारखा वास येतो. तांबं त्यानं काळं पडतं. तांब्या बाहेरून काळा झाला, कारण विष हवेत होतं, पाण्यात नव्हतं. वरच्या देव्हाऱ्यातली पंचपात्री लख्ख राहिली, कारण हवा तिथवर पोचलीच नाही. मुंगी, पाल, झुरळ यांतलं कोणी उंदराचं औषध खात नाही. पण श्वास सगळे घेतात. बाहेरच्या बिळातून वायू फरशीखालच्या पोकळीत शिरला आणि जिथं उघडं भोक मिळालं, त्या एकाच खोलीत जमिनीलगत आला. दगूबाईंचं डोकं त्या भोकाशी होतं. पोर खाटेवर होती, म्हणून वाचली."

"याकूबकडं असेल तसली गोळी," नवनीत म्हणाला.

"त्याच्या पेट्या गटारातून काढून तुम्ही जप्त केल्यात. सापडली एक तरी? आणि आजची माती ओली आहे. आज सकाळी याकूब कुठं होता?"

नवनीतनं चौकीच्या दिशेनं पाहिलं. याकूब कोठडीत होता.

"मग टाकली कोणी?"

आप्पांनी वर पाहिलं नाही. "शोभाबाई," ते म्हणाले, "काळी माती शेतातून आणलीस ना?"

ती सहज म्हणाली, "हाव. मुरूम धरत नही ना." मग सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "काबरं? बिळं मी बुजी. दगूले रातभर झोप नही लागे. उंदीर तिना पायले चावना व्हता. मी म्हनं, याकूबना पिंजरा लाईसन काय व्हई? तिले न सांगता सोय करी दिऊ. आज पोर घर येवावी व्हती, म्हनीसन सकाळेच परत..."

बोलता बोलता ती थांबली. समजायला तिला तेवढाच वेळ लागला.

"नही," ती म्हणाली. "नही, आप्पा. मी तं बाहेर टाकं. बाहेरना बिळमा. तुम्हीच तं शिकाडं व्हतं."

ललित पुढं झाला. आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं.

पंचवीस वर्षांपूर्वी म्हसावदला, मारुतीच्या पारावर, उंदीर मोहिमेची सभा. आदल्या दिवशी सगळी बिळं बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील ती जिती. त्यातच गोळी टाका, काळ्या मातीनं तोंड लिंपा, आणि पऱ्हाटीची काडी खोचा, म्हणजे पोरंबाळं तिथं हात घालणार नाहीत. बायकांत पुढं बसलेल्या एका तरुण बाईनं हात वर केला होता. घराजवळ बीळ असलं तर? जीप उभी होती, पुढच्या गावाला उशीर होत होता. ते चालता चालता म्हणाले होते, घरात टाकू नका, घराबाहेरच्या बिळात टाका.

म्हसावदच्या घरांभोवती तेव्हा मोकळं अंगण होतं, गोठा होता. बाहेरचं बीळ बाहेरच राही.

"मी सांगितलं तसंच तू केलंस," आप्पा म्हणाले. "शब्दाला शब्द."

शोभाबाईनं तोंडात पदर कोंबला. तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो आप्पांनी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता. ललित तिच्याकडं पाहत राहिला. मग भिंतीकडं वळला आणि कपाळ भिंतीला टेकवून उभा राहिला. रविवारी येणारा गवंडी त्यालाही आठवला असावा.

७

संध्याकाळी याकूबला सोडलं. चौकीच्या पायरीवर प्रिस्किला त्याची पिशवी घेऊन उभी होती.

"मी तिसऱ्या दिवशी आलो, याकूब," आप्पा म्हणाले. "पहिल्याच दिवशी यायला हवं होतं."

याकूबनं सुजला ओठ चाटला. "मुंग्यांचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आप्पा. तेच तुम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच तो आप्पांना सोसेना. "ती बुचं अशीच उकरायला कोणाला पाठवू नका. तोंड बांधून, वाऱ्याची दिशा बघून उकरावी लागतात. त्या घरांत कोणी झोपायचं नाही."

"तू येशील?"

"नाही," प्रिस्किला म्हणाली. "नवापूरची बस आहे आमची."

याकूबनं तिच्याकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं, आणि पिशवी खांद्याला लावली. दोघं स्टँडच्या दिशेनं गेले.

आत बाकावर शोभाबाई बसली होती. नवनीतनं कागद ओढला.

"आधी माझा जबाब घे," आप्पा म्हणाले.

"तुमचा? तुम्ही तर शोधून काढलंत."

"लिही. सदर रीत मी शिकवली. कुठं टाकायचं ते सांगितलं. घर एकमेकाला लागून असेल तर टाकायचंच नाही, हे सांगितलं नाही. विचारणाऱ्या बाईला मी घाईत अर्धं उत्तर दिलं."

"आप्पा, यानं काय होणार? तुमच्यावर कुठलं कलम लागत नाही."

"लागू नये. पण तिच्या जबाबाच्या आधी हे कागदावर असू दे."

नवनीतनं पेन उघडलं. मग त्यानं लिहिलं. आप्पांनी चष्मा लावून वाचलं, एके ठिकाणी 'घाईत' हा शब्द राहिला होता तो घालायला लावला, आणि सही केली.

मग नवनीतनं शोभाबाईचं नाव घेतलं. तिला उठता येईना. आप्पांनी तिच्या कोपराखाली हात दिला.

"मी काय सांगू त्याले?" ती विचारत होती. "आप्पा, मी काय सांगू?"

"झालं ते सांग," आप्पा म्हणाले. "मी शेजारीच बसतो."

दोघं टेबलापुढं बसली. नवनीतनं नवा कागद घेतला.